गावित भाऊंचं ताट

मी चौथी शिकले आहे. तरी अणू कशामुळे टिकतो आणि कशामुळे फुटतो, ते मला सांगता येतं. माझ्याकडे जेवायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना ते धड सांगता यायचं नाही, मी विचारून पाहिलं आहे. मला ते गावित भाऊंनी शिकवलं, माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच बुंदीच्या लाडवांवर. आणि ते शिकल्यावरही मी त्यांना वेगळ्या ताटात जेवू घातलं, दोन वर्षं. दोन्ही गोष्टी सांगायच्या म्हणून लिहायला बसले आहे. नुसती पहिली सांगितली तर लोक मला हुशार म्हणतील, आणि ते काही खरं नाही.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत माझी खानावळ होती. नवरा गेल्यावर सुरू केली आणि गुडघे गेले तोवर चालवली. दहा-बारा माणसं जेवायची. बहुतेक अंबडच्या कारखान्यांतली, एक-दोन शिकणारी. सगळे मला मावशी म्हणायचे. गावित भाऊ तेवढे ताई म्हणायचे, कारण ते माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठे होते.

शहाण्णव साली ते समोरच्या घरात वरच्या खोलीत राहायला आले. मूळचे कळवणकडच्या डोंगरातले, कोकणा या आदिवासी समाजाचे. दक्षिणेत कुठल्याशा कारखान्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. बायको गेलेली. मुलगी सुनंदा कळवणजवळ शाळेत शिकवायची. तिच्याकडे का नाही राहत, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. मला विचारल्याशिवाय राहवत नाही.

"दोघांचं नीट चाललंय, ताई," ते म्हणाले. "तिसरा कशाला घालायचा मध्ये?"

बारा वाजले की यायचे. पाच मिनिटं आधी नाही आणि पाच मिनिटं नंतर नाही. दारात चपला काढायचे, त्या उलट्या फिरवून टाचा भिंतीला लावून ठेवायचे आणि मगच उंबरा ओलांडायचे. मोरीवर जाऊन हात धुवायचे ते कोपरापर्यंत. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, मग कोपर. बाकीची माणसं दोन बोटं ओली करून ताटावर बसत. भाऊंचं हात धुणं संपेपर्यंत विलासची पहिली भाकरी संपलेली असायची. हा विलास सटाण्याकडचा, अंबडला फिटर होता. जिभेला हाड नसलेला. तो म्हणायचा, "भाऊ, हात धुतले का धुवायला टाकले?" भाऊ हसायचे.

आणि त्यांना कड बघायची सवय होती. भाकरी आली की आधी तिच्या कडेवरून बोट फिरवायचे. पेला उचलला की कड. चहाच्या कपाचा टवका उडालेला दिसला की तो बाजूला सारायचे आणि म्हणायचे, "दळायला टाका." चिनीमातीचा कप कसा दळणार, असं मी एकदा विचारलं. तेव्हा कळलं की त्यांच्या कारखान्यात भुकटी दाबून लहान लहान गोळ्या करायचे, त्या भट्टीत भाजायचे, आणि भाजलेल्या गोळ्या तासून, ट्रेमध्ये ओळीनं लावून भाऊंच्या समोर यायच्या. एकेक बघायची. ज्या गोळीला चीर आहे, जिची कड उडाली आहे, ती बाजूला. ती परत भुकटीत. तीस वर्षं त्यांनी तेच केलं. हजारो गोळ्यांच्या कडा बघितलेला माणूस. माझ्या भाकऱ्यांना त्यानं कधी नाव ठेवलं नाही, याचा मला अजून थोडा अभिमान आहे.

कसली गोळी, ते मी तेव्हा विचारलं नाही. मला वाटलं औषधाची असेल.

आणखी एक सवय. बाहेर पडताना उंबऱ्यावर थांबायचे आणि उजवा हात डाव्या छातीवर, शर्टाच्या खिशाशी न्यायचे. चाचपायचे. तिथं काही नसायचं. मग हात खाली. आमची भांडी घासणारी मथुराबाई म्हणायची, "देवाचं काय तरी आसंल त्येंच्या खिशात." देवाचं नव्हतं. कामावर असताना तिथं एक बिल्ला लावायचा असे. त्याच्यात फिल्म. महिनाअखेर ती फिल्म काढून बघायची, काळवंडली किती. ज्याची जास्त काळवंडली त्याला त्या जागेवरून हलवायचं. बाहेर पडताना बिल्ला जागेवर आहे ना, हे चाचपायचा नियम होता. नोकरी सुटली, हात सुटला नाही.

हे सगळं आम्हाला कळलं ते अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात. वाळवंटात बॉम्बची चाचणी झाली तेव्हा. गल्लीत फटाके वाजले, कुणीतरी पेढ्यांचा पुडा घेऊन खानावळीत आलं. सगळ्यांनी घेतले. भाऊंनी हात आखडता घेतला. विलास म्हणाला, "काय भाऊ, आपल्या देशानं एवढं केलं, पेढा नाय खाणार?"

"गोड बंद आहे," भाऊ म्हणाले.

ते खोटं होतं. त्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडून दोनदा शिरा मागून घेतला होता.

मग त्या पेढेवाल्यानं बॉम्बमध्ये काय असतं ते सांगायला सुरुवात केली. वर्तमानपत्रात वाचलेलं अर्धं, मनाचं अर्धं. युरेनियम म्हणजे दारू असते, तिला बत्ती लावतात, असं काहीतरी. भाऊंना चुकीचं सहन व्हायचं नाही. त्यांनी घास खाली ठेवला.

"ते जळत नाही," ते म्हणाले. "फुटतं. जळणं निराळं, फुटणं निराळं. आणि मी जे तीस वर्षं बनवलं त्याचा बॉम्ब होत नाही. त्याची वीज होते. बॉम्बचा माल निराळा."

खानावळीत एकदम गलका. दोन दिवस भाऊ गल्लीचे मोठे माणूस होते. कोपऱ्यावरच्या मंडळानं त्यांना बोलावून शाल घातली. "मी बॉम्ब बनवला नाही" असं ते प्रत्येकाला सांगत होते आणि प्रत्येक जण त्यांचा हात हातात घेऊन "वा वा" म्हणत होता.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी किरणांचं बोललं. कोण, ते मला ठाऊक नाही. अशी गोष्ट कुणीच बोललेलं नसतं आणि सगळ्यांना ठाऊक असते. युरेनियममध्ये तीस वर्षं काम केलेल्या माणसाच्या अंगात किरणं मुरलेली असतात. घामातून येतात. उष्ट्यातून येतात. ज्या माणसांनी परवा हात हातात घेतला होता ती आता लांबून नमस्कार करायला लागली.

विलास मला स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "मावशी, मी स्पष्ट सांगतो. त्यांचं ताट आमच्या ताटांत नको. माझं लग्न व्हायचंय अजून."

"तुझ्या लग्नाचा ताटाशी काय संबंध?"

"पोरंबाळं व्हायला नको? किरणांनी होत नाहीत."

मी त्याला हसले. पण त्याच्यामागे आणखी चार जण उभे होते, आणि ते हसत नव्हते. दहा माणसांतली पाच गेली तर माझी चूल बंद होणार होती. मी काय करावं? खरं तर भाऊंना विचारावं. समोरच राहत होते. वीस पावलं. मी विचारलं नाही. एरवी सगळ्यांना सगळं विचारणारी बाई, तेवढं विचारलं नाही.

मी एक नवं स्टीलचं ताट आणलं, वाटी आणि पेला आणला, आणि भांडीबाजारात बसणाऱ्या माणसाकडून तिन्हीच्या कडेवर 'ग' कोरून घेतला. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धतच आहे. लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं, घरातल्या मोठ्या माणसाच्या ताटावर त्याचं असतं. त्यामुळे कुणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. हा माझा कावा होता आणि तो चांगला साधला.

भाऊ जेवायला आले. ताट बघितलं. सवयीप्रमाणे कडेवरून बोट फिरवलं, बोट 'ग'वर थांबलं. वर बघून म्हणाले, "ताई, हे माझं?"

"तुमचंच," मी म्हटलं. "तुम्ही आता घरचे."

त्यांचे डोळे भरून आले. मी लगेच आत गेले, भाजी लागेल म्हणून. भाजी लागत नव्हती.

तेव्हापासून ते ताट मथुराबाई वेगळं घासायची. मोरीत नाही, मागच्या नळाखाली, राखेनं, हाताला फडकं गुंडाळून. फळीवर ते सगळ्यांत शेवटी, भिंतीला टेकवून उभं. भाऊंना वाटायचं ते मानाचं आहे.

आता लाडवांचं सांगते. त्याच वर्षीची दिवाळी. माणसं गावाला गेलेली, भाऊ तेवढे होते. सुनंदा बाळंतपणासाठी सासूकडे गेलेली, म्हणून ते कळवणला गेले नव्हते. मी बुंदी पाडत होते. ते दारात पाट घेऊन बसले होते. मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही म्हणालात जळत नाही, फुटतं. काय फुटतं?"

त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत, आणि पाकातल्या बुंदीचं भांडं पुढे ओढलं. माझी बुंदी दोन रंगांची असते, थोडी केशरी, बाकी पिवळी.

"हा अणूच्या पोटातला गाभा समजा," असं म्हणून त्यांनी सुपारीएवढा लाडू वळला. "केशरी बुंद्यांचं एकमेकींशी हाडवैर. एक दुसरीला ढकलते. कितीही लांब असली तरी ढकलते. पिवळ्यांचं कुणाशी वैर नाही. मग हे सगळं एकत्र कसं राहतं?"

"पाकानं."

"पाकानं. पण पाकाचं एक आहे. तो लागून असलेलीलाच धरतो. पलीकडचीला नाही." त्यांनी लाडू माझ्या हातावर ठेवला. "एवढ्याशा लाडवात सगळ्या सगळ्यांना लागून आहेत. पाक जिंकतो. हा कधी फुटायचा नाही. जगात बहुतेक सगळं असंच आहे, ताई. लोखंड बघा. जगबुडी झाली तरी लोखंड आपणहून फुटणार नाही. सगळ्यांत घट्ट वळलेला लाडू तो."

मग त्यांनी दोन्ही हातांनी बुंदी घ्यायला सुरुवात केली. नारळाएवढा लाडू केला. मी म्हटलं, अहो वाया घालवू नका. त्यांनी ऐकलं नाही. "आता या टोकाच्या केशरीला त्या टोकाचा पाक पोचत नाही. वैर मात्र पोचतं. म्हणून मोठ्या लाडवात पिवळ्या जास्त घालाव्या लागतात, मधे मधे, भांडणं लांब ठेवायला. तरी एका मापाच्या पुढे किती पिवळ्या घाला, लाडू कायमचा धरत नाही. युरेनियम हा असला लाडू. आहे म्हणून आहे. बसलाय कसाबसा."

तो नारळाएवढा लाडू परातीत खरंच कसाबसा बसला होता. मधे किंचित चेपलेला. भाऊंनी एक पिवळी बुंदी चिमटीत घेतली.

"ही जोरात फेकली तर बहुतेक वेळा निसटून जाते. हळू आली तरच आत शिरते. म्हणून अणुभट्टीत तिला पाण्यातून नेऊन हळू करतात. हळू आलेलीच फोडते." त्यांनी ती बुंदी लाडवाच्या चेपलेल्या जागी हलकेच अंगठ्यानं दाबली. लाडू दोन झाला. सारखे दोन नाही, एक मोठा, एक लहान. आणि दोन-तीन सुट्या बुंद्या परातीत घरंगळल्या.

"या सुटल्या ना, या दुसऱ्या लाडवांना जाऊन भिडतात. ते फुटतात. त्यातून आणखी सुटतात. मोकळं सोडलं तर एका क्षणात सगळं संपेल. म्हणून मधे सळ्या घालतात, जास्तीच्या बुंद्या गिळणाऱ्या. एका लाडवामागे एकच पुढचा फुटेल, एवढंच राखायचं. मग वर्षभर ऊब मिळते. त्या उबेनं पाण्याची वाफ, वाफेनं चाक, चाकानं वीज."

"ऊब येते कुठून?"

"ते दोन तुकडे आणि सुट्या बुंद्या, सगळं मिळून वजन केलं तर मूळ लाडवापेक्षा किंचित कमी भरतं. जेवढं कमी भरलं त्याची उष्णता झाली."

"माझ्याकडं कमी भरलं तर कुणीतरी खाल्लेलं असतं," मी म्हटलं.

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी त्यांना पाणी दिलं. 'ग'च्या पेल्यात. घरात दोघंच होतो, फळीवर वीस पेले होते, आणि माझा हात त्याच पेल्याकडे गेला.

पुढेही ते मधून मधून सांगायचे. हजार लाडवांत सातच असे फुटणारे असतात, बाकीचे दिसायला तसेच पण बसून राहणारे. आणि फुटल्यावर जे दोन तुकडे होतात तेच खरे घातकी, त्यांच्यात पिवळ्यांचा हिशेब चुकलेला असतो, ते स्वस्थ होईपर्यंत वर्षानुवर्षं किरणं टाकत राहतात, म्हणून अणुभट्टीत वापरून झालेली गोळी पाण्याखाली ठेवतात. मी ऐकायचे. मला कळायचं. म्हणजे हे मला माहीत झालं होतं की भाऊंनी ज्या गोळ्या बघितल्या त्या कोऱ्या होत्या. वापरलेल्या नव्हत्या. माहीत असून मी ताट बदललं नाही. मला कळलं होतं म्हणून काय झालं, विलासला आणि त्या चौघांना कळलं नव्हतं. असं मी स्वतःला सांगायचे. पण घरात दोघंच असताना तो पेला मीच उचलला होता.

दोन हजार साली श्रावणात एक नवा माणूस जेवायला आला. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यानं आपला आपण फळीवरून हाताला आलं ते ताट घेतलं आणि पंगतीत बसला. विलासनं कड बघितली आणि उडी मारून ते ताट त्याच्या पुढ्यातून ओढलं. आमटी सांडली.

"अरे ते नको घेऊ! ते किरणांचं ताट आहे! मावशी, ह्याला सांगितलं नाही का तुम्ही?"

भाऊ नुकतेच हात धुऊन आले होते. कोपरापर्यंत ओले. तिथंच उभे राहिले. त्यांनी आधी विलासकडे बघितलं, मग ताटाकडे, मग फळीकडे, जिथं ते शेवटी भिंतीला टेकवून ठेवायचो त्या जागेकडे. मग मागच्या नळाकडे. दारातून तो दिसत होता, राखेचा डबा आणि फडकं दिसत होतं. दोन वर्षं सगळं समोरच होतं.

त्यांनी विलासच्या हातातून ताट घेतलं. बसले. मला म्हणाले, "वाढा."

मी वाढलं. ते पूर्ण जेवले. भात, आमटी, सगळं. जेवून उठले, ताट, वाटी, पेला घेऊन मागच्या नळावर गेले, स्वतः घासलं, फडकं न गुंडाळता, आणि आणून माझ्या हातात दिलं. मी हातात घेतलं. तेव्हा ते उंबऱ्यावर थांबले, छाती चाचपली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले. आले नाहीत.

चौथ्या दिवशी मी डबा घेऊन वर गेले. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीवर कॅलेंडर. स्टोव्हवर खिचडी होती. त्यांनी मला खाटेवर बसवलं, आपण खाली बसले.

मी माफी वगैरे मागायला गेले नव्हते. मला ते येत नाही. मी म्हटलं, "तुम्ही आधीच का नाही सांगितलं, की तुमच्यापासून कुणाला काही होत नाही म्हणून?"

"तुम्ही विचारलं कुठं?" ते म्हणाले. "तुम्ही ताट दिलंत."

मग त्यांनी तळहात पुढे केला, जणू त्यावर काही ठेवलेलं आहे. "कोरी गोळी. काळी, करंगळीच्या पेराएवढी. हातमोजा घालून अशी धरता येते. भुकटी नाकातोंडात गेली तर वाईट, म्हणून मुखवटा, म्हणून हे हात धुणं. ठरल्या दिवशी लघवी तपासायचे. माझ्या पोटात काय आहे आणि काय नाही हे सरकारला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. सगळं लिहिलेलं आहे. बघायचंय?"

"नको."

"आणि काही असतंच, तरी ते ताटाला लागून विलासच्या पोरांपर्यंत जात नाही, ताई. त्याच्या बायकोला गावाकडं मूल व्हायचं होतं ना, झालं का?"

"झालं. मुलगी आहे."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि ते खरंच म्हणत होते.

मग म्हणाले, "लहानपणी तालुक्याला एका घरी राहून शिकलो. तिथं माझा पेला वेगळा असायचा. पडवीत, उपडा. तेव्हा कारण आमची जात. मला वाटलं होतं एवढं शिकून, एवढ्या लांब जाऊन ते संपलं. त्या पेल्यावर नाव नव्हतं. तुम्ही निदान नाव घातलंत."

मी डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावलं.

"विलास ओरडला, त्याचं मला काही नाही," ते म्हणाले. "जोरात आलेलं निसटून जातं. तुम्ही हळू केलंत."

डबा त्यांनी घेतला नाही. रागावले नव्हते, पण घेतला नाही.

पुढे चार महिने ते जेवायला आले नाहीत. समोरच्या जिन्यावर दिसायचे. मान हलवायचे, मीही हलवायचे. थंडी पडल्यावर एकदा त्यांना जिन्यात थांबलेलं बघितलं, हात छातीवर. मला वाटलं बिल्ला. मी वळून आत आले, पोळ्या लाटल्या. थोड्या वेळानं मथुराबाई धावत आली. "मावशी, भाऊ पायरीवर बसल्यात. बोलना गेल्यात, लय घाम आलाय." तो हात बिल्ल्यासाठी नव्हता. इतकी वर्षं बघितलेला हात, म्हणून मला वेगळा दिसला नाही.

रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी आणि विलास. विलासनं त्यांना जिन्यावरून पाठीवर घेऊन उतरवलं. त्या वेळी त्याला किरणं आठवली नाहीत. हृदयाचं दुखणं निघालं. वाचले. सुनंदा आली आणि म्हणाली, आता मी ऐकणार नाही, कळवणला चला.

निघायच्या दिवशी मी वर गेले. म्हटलं, "आज बाराला जेवायला या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

बाराला आले. चपला उलट्या फिरवल्या, हात धुतले. पंगत बसलेली होती. मी फळीवरून माझं ताट काढलं, ज्यावर माझ्या आईचं नाव आहे, आणि ते त्यांच्यासमोर मांडलं. मग 'ग'चं ताट घेऊन त्यांच्या समोर मी बसले. मी पंगतीत कधी बसत नाही. वाढायचं कोणी? सगळं मधे आणून ठेवलं होतं.

"हे ताट आजपासून माझं," मी सगळ्यांना म्हटलं. "याच्याबरोबर तुमची ताटं घासली जातील, एकाच मोरीत. ज्याला चालत नाही त्यानं उठावं."

दोघं उठले. ते पुन्हा कधी आले नाहीत. मला वाटलं होतं तेवढे गेले नाहीत, पण गेले. म्हणजे माझी भीती अगदीच खोटी नव्हती, हेही लिहून ठेवते. विलास उठला नाही. मान खाली घालून म्हणाला, "भाकरी द्या इकडं. भूक लागलीय."

भाऊंनी ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं. माझ्या आईच्या नावावरून.

"हे तुम्ही दोन वर्षांपूर्वी करायचं होतं, ताई," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

मग ते जेवले. भाकरी एक जास्त घेतली.

दीडेक वर्षांनी सुनंदाचं पत्र आलं. सकाळी अंगणात नातीला घेऊन बसले होते, तिथंच गेले. विलास तेव्हाही जेवायला होता. त्यानं विचारलं, "किरणांनी?" मी म्हटलं, "हृदयानं. गप जेव." तो गप जेवला. ते ताट अजून आहे. मी रोज त्यातच जेवते. आता मुलाकडे असते; सून म्हणते, कड बोथट झाली, मोडीत देऊ. मी देत नाही. त्यात काही मोठं नाही. ताट चांगलं आहे.

पण मला भाऊ आठवतात ते निघायच्या दिवसाचे, स्टँडवरचे. जेवण झाल्यावर मी त्यांना आणि सुनंदाला पोचवायला गेले होते. आदल्या दिवशी बुंदी पाडून लाडू केले होते, त्याचा डबा मी खिडकीतून आत दिला. लाडू लहान वळले होते, सुपारीएवढे. त्यांनी झाकण उघडून बघितलं. सुनंदा पुढच्या सीटवर पिशव्या लावत होती. भाऊंच्या शेजारी एक बाई बसली होती, सप्तशृंगीला निघालेली, कपाळभर कुंकू. त्यांनी डबा तिच्यापुढे केला. तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, चिवडा घ्यावा तसा हात घालून एक लाडू घेतला आणि तोंडात टाकला.

भाऊ तिच्याकडे बघत राहिले. ती चावत होती. मग तिनं मान हलवली, चांगला आहे म्हणून, आणि आणखी एक उचलला.

गाडी हलली. भाऊंनी खिडकीबाहेर बघितलं नाही. ते डबा धरूनच होते, उघडा, तिच्या बाजूला.